सर्दीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मधलं पपनस

शेजारच्या काकूंचा परवा फोन आला. शिंकांनी बेजार झाल्या होत्या. घरात ॲलर्जीवरच्या सेटिरिझिनची पट्टी होती, पण रात्री कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिनही चालू. "दोन्ही घेतल्या तर लिव्हरवर ताण येतो म्हणे?" व्हॉट्सॲपवर कुणीतरी तसं पाठवलं होतं.

या दोन गोळ्यांचं सहसा भांडण होत नाही, कारण त्यांच्या वाटाच वेगळ्या. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांचं (एन्झाइमांचं) कुटुंब राहतं. त्यातलं ३ए४ हे विकर निम्म्याच्या आसपास औषधं मोडतं, ॲटोरव्हास्टॅटिनसुद्धा. सेटिरिझिन मात्र फारशी मोडतच नाही. बरीचशी जशीच्या तशी लघवीवाटे जाते. म्हणून मूत्रपिंडं कमजोर असतील तर तिचा डोस कमी करावा लागतो.

ॲलर्जीच्या सगळ्याच गोळ्या अशा गरीब नव्हत्या. १९८५ साली अमेरिकेत टरफेनाडिन आली. झोप आणत नाही म्हणून ती तुफान खपली. पोटात गेल्यावर ३ए४ तिचं लगेच दुसऱ्या रेणूत रूपांतर करायचं आणि ॲलर्जी थांबवायचा तो रेणूच. पण सोबत बुरशीवरची केटोकोनॅझोल घेतली की हे विकर अडायचं, मूळ टरफेनाडिन रक्तात साठायची आणि हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं बंद करायची. मग ठोक्यांची लय बिघडायची, काहींचे जीवही गेले. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. तो दुसरा रेणू म्हणजे आजची फेक्सोफेनाडिन!

आता पपनस. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ. ग्रेपफ्रूट आणि पपनस, दोघांतही फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. आतड्यातलं ३ए४ त्यांना मोडायला जातं आणि त्या खटाटोपात स्वतःच कायमचं निकामी होतं. नवं विकर तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे सकाळी फळ आणि रात्री गोळी, इतकं अंतर ठेवूनही भागत नाही. सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या 'स्टॅटिन' गोळ्या मग रक्तात जास्त पोचतात. स्नायू दुखतात, क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर बेततं. रोसुव्हास्टॅटिन या वाटेने जात नाही, तिला पपनसाचं भय नाही. गणपतीत प्रसादाची एखादी फोड खाल्ली म्हणून कुणी घाबरू नये, पण रोज पेलाभर रस नको. 'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल' हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिकही हेच विकर अडवतं. ते लिहून देताना डॉक्टरांना स्टॅटिनचं नाव सांगायलाच हवं.

काकूंना मी पट्टीची मागची बाजू वाचायला लावली. सेटिरिझिनखाली बारीक अक्षरांत आणखी दोन नावं निघाली, पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन. फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवते, आणि काकूंना बीपी आहे. ती पट्टी त्यांनी बाजूला ठेवली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नुसती सेटिरिझिन मागवली.