अमाउताय वासी: इक्वाडोरमधलं बंद पडून पुन्हा उघडलेलं आदिवासी विद्यापीठ

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमध्ये १९७८च्या राज्यघटनेपर्यंत निरक्षरांना मताचा अधिकारच नव्हता. डोंगराळ भागातले, किचवा भाषा बोलणारे अनेक आदिवासी जमीनदारांच्या मळ्यांवर तुकडाभर जमिनीच्या बदल्यात राबत; ही वेठ कायद्याने संपली ती १९६४च्या जमीन सुधारणेत. शाळा स्पॅनिश. अशा काळात, १९४०च्या दशकात, दोलोरेस काकुआंगो या बाईंनी कायाम्बे भागात किचवातून शिकवणाऱ्या शाळा काढल्या. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकवायला आपला मुलगा उभा केला. १९६३मध्ये आलेल्या लष्करी राजवटीने त्या शाळांना टाळं लावलं.

पुढे १९८६मध्ये ‘कोनाये’ हा आदिवासी महासंघ उभा राहिला. १९८८मध्ये सरकारने द्विभाषिक शिक्षण मान्य केलं. १९९०च्या आदिवासी उठावात आंदोलकांनी राजधानी कीटोतल्या सांतो दोमिंगो चर्चमध्ये ठाण मांडलं, गावोगावचे रस्ते अडवले. जमिनीबरोबर शिक्षण हाही या चळवळीचा प्रश्न होता, आणि शाळा मिळाल्यावर विद्यापीठाची मागणी येणं ओघानेच आलं.

२००४मध्ये ‘अमाउताय वासी’ला, म्हणजे ज्ञानाच्या घराला, कायदेशीर मान्यता मिळाली. इथे विद्याशाखांची मांडणीच वेगळी होती: आंदीज पर्वतातल्या ‘चकाना’ या चौकोनी चिन्हाभोवती रचलेली ज्ञानकेंद्रं. मका, घेवडा, भोपळा एकत्र पिकवणारं शेत, म्हणजे ‘चाक्रा’, हे या विचारात अभ्यासाचं ठिकाण. शेतकरी आणि वडीलधारे हे ज्ञानाचे जाणकार.

२०१३मध्ये सरकारी मूल्यमापनात विद्यापीठ नापास झालं आणि बंद झालं. निकष होते ते सगळ्या विद्यापीठांना लावायचे तेच. दर्जा नको असं कोणीच म्हणणार नाही. पण जे विद्यापीठ प्रस्थापित चौकटीवर प्रश्न विचारायला जन्माला आलं, त्याला त्याच चौकटीत मोजलं, हा आक्षेप मला रास्त वाटतो. २०१८च्या कायदेदुरुस्तीने ते पुन्हा उभं राहिलं, मात्र या वेळी सरकारी विद्यापीठ म्हणून.



इथल्या विद्यार्थ्यांना काय हवं, हे समजून घ्यायचं ते हा इतिहास लक्षात ठेवून. आजीची भाषा वर्गात हवी आणि नोकरीत चालणारी पदवीही, असं कोणी म्हटलं तर त्यात विसंगती शोधू नये. ज्यांच्या विद्यापीठाचं दार एकदा सरकारी शिक्क्यावाचून बंद झालं, त्यांना शिक्क्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खरा वाद आता दुसराच आहे: तिजोरी सरकारची असताना अभ्यासक्रम कोणी ठरवायचा?