भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी: जाळी, ग्रिल, दुरुस्ती यांसाठी परवानगी कोणाची आणि कागद कोणते

फ्लॅट दाखवणारा एजंट बाल्कनीत नेऊन उभा करतो, 'हवा बघा' म्हणतो आणि भाडं वाढवून सांगतो. त्या वेळी हवा नंतर बघा, आधी कठडा हलवून बघा. एकदा करार झाला, सामान आलं, की त्याच बाल्कनीला साधं ग्रिल लावायचं तरी मालक, सोसायटी आणि कधी कधी महापालिका असे तीन उंबरे लागतात. त्यातल्या शेवटच्या दोन ठिकाणी परवानगीचा अर्ज मालकाच्याच सहीने जातो.

जुलै २०२५ मध्ये पुण्यात कात्रजजवळ गुजर-निंबाळकरवाडीत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकलेल्या चार वर्षांच्या मुलीला, सुट्टीवर असलेल्या अग्निशमन दलाच्या जवानाने धावत जाऊन वाचवलं. अशी बातमी आली की लोक फॅब्रिकेटरला, म्हणजे ग्रिल बनवणाऱ्याला, फोन करतात. फोन जरूर करा, पण त्याआधी एक मेल मालकाला जाऊ द्या.

आधी तुम्ही कोण, ते पाहा

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. पेठेतल्या वाड्यात पिढीजात भाडेपावती असेल, तर तुम्ही भाडेकरू. कोथरूडला अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल, तर तुम्ही परवानाधारक. बाल्कनीच्या दुरुस्तीत हा फरक फार महागात पडतो.

भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ चा आधार आहे. करारात वेगळं ठरलं नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना २०० रुपये भाडं असेल, तर वर्षाला ६०० रुपये. तेवढ्यात सज्ज्याखालची लाकडी तुळई सोडाच, सुताराची एका दिवसाची मजुरीही निघत नाही.

याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर ते घर खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. जिथे लागते तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेलं जाळीकाम, लाकडी पार्टिशन, एसी बसवणं हे मात्र पक्क्या बांधकामात धरलं जात नाही. तरीही संमती लेखी घ्याच. तोंडी 'हो, लावा की' नंतर कोणालाच आठवत नाही.

परवानाधारकाला कलम १४ थेट हाताशी नाही. त्याचा आधार म्हणजे करारात जे लिहिलं ते. आणि छापील मसुद्यात बाल्कनीबद्दल बहुतेक एक अक्षरही नसतं. नोंदणीच्या वेळी वाढीव अट घालता येते, तिला वेगळी स्टॅम्प ड्युटी पडत नाही. अट साधी असू द्या: 'बाल्कनीचा कठडा, स्लॅब व गळती यांची दुरुस्ती मालक लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत स्वखर्चाने करेल. परवानाधारकास सुरक्षा जाळी किंवा काढता येण्याजोगं ग्रिल बसवण्यास मालकाची संमती आहे; सोसायटीची परवानगी मालक मिळवून देईल.' एवढ्या दोन वाक्यांवर पुढची अर्धी धावपळ वाचते. घरात लहान मूल, मांजर किंवा विसरभोळे आजी-आजोबा असतील, तर ही अट नसलेल्या करारावर सही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कशाला परवानगी, कशाला नाही

कपड्यांची दोरी, घडीची खुर्ची, जमिनीवर ठेवलेल्या कुंड्या यांना कोणाला विचारावं लागत नाही. कठड्यावर ठेवलेली कुंडी ही वेगळी गोष्ट. ती खाली पडून कोणाला लागली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारी निष्काळजी कृती म्हणून, गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. मालक तिथे राहतही नसतो.

कबुतरांची नायलॉन जाळी किंवा तारांचं इनव्हिजिबल ग्रिल यांना भिंतीत भोकं पडतात, म्हणून मालकाची संमती हवी. सोसायटीला निदान लेखी कळवावं. रंग आणि नमुना ठरवून दिलेला असेल तर तोच पाळावा लागतो. लोखंडी ग्रिलला सोसायटीची आधी घेतलेली परवानगी हवीच. भिंतीबाहेर फूट-दीड फूट काढलेलं पेटीसारखं ग्रिल पुण्यात जिकडेतिकडे दिसतं, म्हणून ते नियमात बसतं असं नाही. आणि ग्रिल कोणतंही असो, एक झडप आतून उघडणारी ठेवा. जिना धुराने भरला, तर अग्निशमन दल शिडी याच बाजूला लावतं.

बाल्कनी भिंत-खिडकी लावून बंद करणं, खोली आणि बाल्कनीमधली भिंत पाडणं, उघड्या टेरेसवर पत्रा टाकणं ही बांधकामं आहेत. पुण्यात आपण खोलीला लागून असलेल्या उघड्या जागेला टेरेस म्हणतो आणि सिंकजवळच्या फटीला ड्राय बाल्कनी. मंजूर नकाशात त्यांची नावं काय आहेत ते पाहा, कारण नियम त्या नावावर लागतात. अशा कामाला आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाची मंजुरी लागते आणि अर्जदार मालकच असतो. भाड्याने राहणाऱ्याने यात पडूच नये.

वजनाचा हिशेबही इथेच सांगतो. घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो. ओल्या मातीचा १५ सेंटीमीटर जाड थर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जातो. सगळ्या बाल्कनीत वाफे केले, तर वर उभं राहायला फारशी मुभा उरत नाही. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, तोही तेवढ्याशा जागेवर. कुंड्या हव्याच असतील, तर बाहेरच्या कडेला नकोत, खोलीच्या भिंतीला लागून ठेवा. कडेच्या कुंडीवर चढून मूल कठड्यावरून वाकतं, हे दुसरं कारण. कठडा बाल्कनीच्या फरशीपासून एक मीटरपेक्षा कमी नसावा. त्याला लागून स्टूल ठेवलं की ती उंची गेलीच म्हणायची.

अर्ज कसा जातो

सुरुवात मालकाला मेलने करा. मालक अमेरिकेत असेल तर मेल चालते, पण सोसायटीच्या अर्जावर सही कोण करणार हे विचारून घ्या. इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र दिलेलं असेल, तर त्याची प्रत लागते. मग मालकाच्या नावाने सेक्रेटरीला अर्ज. त्यात फ्लॅट क्रमांक, काम काय, किती दिवस चालणार, ड्रिलिंग किती ते किती आणि घर सोडताना काम काढून भिंत पूर्ववत करण्याची हमी हवी.

सोबत लागणारे कागद असे: शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स टूची (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) प्रत, मेंटेनन्सची शेवटची पावती, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, भाडेकरूबद्दल पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत, तुमचं ओळखपत्र, बाल्कनीचा फोटो आणि फॅब्रिकेटरचं मापांसह कोटेशन. जड काम असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. मेंटेनन्स थकलेला असेल, तर अर्ज तिथेच अडून बसतो, म्हणून मालकाला हे आधी विचारा. कोणी 'दोनच कागद द्या' म्हणेल, कोणी आणखी हमीपत्र मागेल. सोसायटीगणिक फरक असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हेही पाटीवर वाचा. पुण्यात अपार्टमेंट पुष्कळ आहेत आणि त्यांना १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागतो. इमारतीच्या मजबुतीला धोका होईल असं काम तिथे बाकी सगळ्या मालकांच्या एकमताशिवाय करता येत नाही. कमिटी 'ओके' म्हणाली एवढ्याने भागत नाही.

बाल्कनीच धोक्याची असेल तर

स्लॅबखाली तांबूस रेघा, सळई दिसणं, टिचकी मारल्यावर प्लास्टर पोकळ वाजणं, कठड्याच्या मुळाशी भेग: यातलं काही दिसलं की वापर लगेच थांबवा, दाराला कडी घाला, फोटो काढा. पावसाळ्याची वाट पाहू नका. मालकाला आणि सोसायटीला एकाच दिवशी लिहा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. शेवटच्या अहवालाची प्रत मालकामार्फत मागा.

दोघेही हलले नाहीत, तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा पीएमसी केअर या पुणे महापालिकेच्या तक्रार सेवेवर तक्रार करा. इथे मात्र मालकाच्या सहीची गरज नाही, कोणीही तक्रार करू शकतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ प्रमाणे धोकादायक बांधकामाबद्दल आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला नोटीस देऊ शकतात. पावसाळ्याआधी पेठांतल्या वाड्यांवर लागतात त्या नोटिसा याच जातीच्या. वाकड-पिंपळे सौदागरला राहत असाल तर पिंपरी-चिंचवड महापालिका, हिंजवडीला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. चुकीच्या दारात अर्ज टाकून महिना घालवणारे मी पाहिले आहेत.

नवी इमारत असेल, तर रस्ता सोपा आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने ३० दिवसांत तो विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. तक्रार करायची ती फ्लॅटच्या मालकाने. तुम्ही त्याला फोटो आणि तारखा पुरवा.

घर सोडताना जाळी काढून नेणार की मालकाला ठेवणार, हे किल्ली देण्याआधी मेलवर ठरवा. भोकं बुजवल्याचे फोटो काढा, सोसायटीचं परवानगीपत्र सोबत जोडा आणि त्याच मेलमध्ये डिपॉझिट परतीची तारीख मागा.