रक्तवाहिनी म्हणजे ठिबकची नळी नव्हे

तासगावजवळ मामांची द्राक्षबाग आहे. यंदा ऑक्टोबर छाटणी उरकून ते मिरजेला तपासणीला गेले आणि परत येताना लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा कागद चार घड्या घालून खिशात घेऊन आले. एलडीएल, म्हणजे लोक ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६४. कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "ठिबकच्या नळीत क्षार साचलं की आपण ॲसिड सोडतो, ड्रिपर मोकळं हुतंय. तसलं काय रक्ताच्या नळीत सोडाय येत न्हाई व्हय?"

प्रश्नाला हसू नये. नळी, आत साचणारा थर आणि शेवटी अडलेला प्रवाह हे चित्र विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरांच्याही डोक्यात होतं. "ब्लॉकेज" हा शब्द त्यातूनच आपल्या तोंडी बसला. पण ज्यांनी रक्तवाहिन्या प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, त्यांना त्याआधीच काही वेगळं दिसलं होतं.

कोलेस्टेरॉल मुळात रक्तात सापडलं नाही, ते सापडलं पित्तखड्यात. आपल्याकडे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की खडे छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. त्यातले पिवळसर, मेणचट खडे बहुतांशी कोलेस्टेरॉलचेच असतात. अठराव्या शतकात पूलेतिए द ला साल या फ्रेंच माणसाने तो पदार्थ खड्यांतून वेगळा काढला. १८१५ च्या सुमारास शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतले पित्त आणि घट्ट हे दोन शब्द जोडून त्याचं नाव ठेवलं. ज्या शब्दाने आज घरोघरी हृदयाची धास्ती बसते, त्या शब्दात हृदय कुठेच नाही.

रक्तवाहिन्यांची गोष्ट स्वतंत्रपणे चालली होती. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये एका अतिवृद्ध माणसाचं शवविच्छेदन केलं, तेव्हा जाड झालेल्या, आकसलेल्या वाहिन्या त्याच्या नजरेत भरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्शो सांगत होता की हा नुसता साचलेला गाळ नाही, ही वाहिनीच्या भिंतीला आलेली सूज आहे. पुढे १९०४ मध्ये फेलिक्स मार्शांने या विकाराला अथेरोस्क्लेरोसिस हे नाव दिलं. त्यातला 'अथेर' म्हणजे पेज, आंबील. भिंतीतली गाठ कापली की आतून तसला पिठूळ लगदा बाहेर येतो. नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं.

त्या आंबिलीत काय आहे, हे १९१० मध्ये आडोल्फ विंडाउसने तपासलं. निरोगी भिंतीच्या तुलनेत तिथे कोलेस्टेरॉल वीस पटींहून जास्त निघालं. तीनच वर्षांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्हने सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना खाऊ घातलं. काही आठवड्यांत त्यांच्या महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या भिंतीत माणसासारखेच थर धरले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला चरबीने टच्च भरलेल्या फेसाळ पेशीही दिसल्या. एवढा पुरावा हातात असून पुढची तीन-चार दशकं जगाने तो जवळपास बाजूला ठेवला. कारण उंदरांवर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग फसला. ससा पडला पाला खाणारा, त्याला हे पचणारच कसं, असा आक्षेप निघाला. आक्षेप चुकीचा नव्हता. पण कुत्र्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल फारसं वाढतच नाही, सशाच्या रक्तात ते भराभर चढतं, हा फरक कुणी नीट धरला नाही. अनिचकोव्हचं म्हणणं ताटाबद्दल कमी आणि रक्ताबद्दल जास्त होतं.

माणसांचा पुरावा १९४८ नंतर जमू लागला. बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू झाली. ज्यांचं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब जास्त, त्यांना पुढे हृदयविकार जास्त, हे १९६१ पर्यंत आकड्यांत दिसलं. दरम्यान कॅलिफोर्नियात जॉन गॉफमनने रक्तद्रव प्रचंड वेगाने गरगर फिरवून त्यातले चरबीवाहक कण घनतेप्रमाणे वेगळे केले होते. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही, प्रथिनांच्या आवरणात गुंडाळून फिरतं. एलडीएल आणि लोक ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल, ही अशा कणांची नावं.

इथून पुढे गाडी ताटाकडे वळली आणि बरीच भरकटली. ॲन्सेल कीजने १९५८ मध्ये सात देशांचा अभ्यास सुरू केला. त्याचा रोख संपृक्त चरबीवर होता. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर फार थोडा परिणाम होतो, हे तो स्वतःच सांगत होता. कोलेस्टेरॉल बहुतेक शरीरच बनवतं, प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागतं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की अंड्यातला पिवळा बलक वाईट. नव्वदच्या दशकात आमच्याकडे घाण्यावरून डब्यात येणारं शेंगतेल बंद झालं आणि "कोलेस्टेरॉल फ्री" छापलेली पिशवी आली. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल कधीच नव्हतं. ते कुठल्याच वनस्पतीच्या तेलात मोजण्याइतकं नसतं. पिशवीवर "यात हाडं नाहीत" असंही छापता आलं असतं. खरी गंमत वनस्पती तुपाची. त्या डब्यातही कोलेस्टेरॉल नव्हतं. पण तेल गोठवण्याच्या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स चरबी रक्तातलं एलडीएल वाढवते आणि एचडीएल कमी करते, हे १९९० मध्ये नेदरलँड्सच्या प्रयोगाने दाखवलं. लग्नाच्या पंगतीतली बुंदी याच तुपात तळली जायची. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडलं.

वादाचा निकाल लावला तो एका दुर्मिळ आजाराने. काही मुलांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून सहापट असतं आणि त्यांना शाळकरी वयातच हृदयविकाराचा झटका येतो. डॅलसमधल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात त्याचं मूळ शोधलं: रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढून घेणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) या मुलांत नसतात. कण उचललेच जात नाहीत, म्हणून रक्तात फिरत राहतात. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. याच सुमारास जपानमध्ये अकिरा एंडो बुरशीच्या मागे लागला होता. दोन वर्षांत सहा हजारांवर बुरशा तपासून १९७३ मध्ये त्याला यकृताची कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारा पदार्थ मिळाला, तोही क्योटोतल्या तांदळावर आलेल्या निळसर बुरशीत. तिथून स्टॅटिन औषधांची रांग लागली. पहिली गोळी अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी निघाले. एंडोला नोबेल मिळालं नाही. ही रुखरुख माझी एकट्याची नसावी.

आता पुन्हा भिंतीकडे. १९८७ मध्ये शिकागोच्या सेमूर ग्लागोव्हने मृतांच्या हृदयवाहिन्या कापून मोजल्या. थर वाढतो तशी वाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. थराने वाहिनीच्या आडव्या छेदातली सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट जवळपास तेवढीच राहते. त्याच काळात असंही दिसलं, की अनेकांना झटका येतो तो निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या जागी. तिथलं पातळ आवरण फाटतं, आतला लगदा रक्ताला भिडतो आणि मिनिटांत गुठळी धरते. म्हणून ठिबकचं उदाहरण तोकडं पडतं. ड्रिपरमध्ये क्षार नळीच्या आत, उघड्यावर बसतात. एलडीएलचे कण वाहिनीचं आतलं अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात, तिथे अडकतात, बिघडतात. त्यांना गिळायला आलेल्या भक्षक पेशी गिळता गिळता फुगून फेसाळ होतात. ॲसिड सोडणार कुठे?

सांगलीकरांना भिंतीची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. पूर ओसरला, आम्ही गाळ काढला, दिवाळीला रंगही दिला. भिंती वरून छान दिसत होत्या. मग रंगाखाली फुगे आले, लोणा फुटला आणि एका दुपारी शोकेसमागचा गिलावा ताटाएवढा सुटून खाली आला. पाणी ज्या घरात एक दिवस होतं आणि ज्या घरात आठ दिवस होतं, त्या भिंतींची गत सारखी झाली नाही. किती फूट हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किती दिवस.

कोलेस्टेरॉलचंही तसंच आहे, हे २००६ मध्ये पुन्हा डॅलसच्याच संशोधकांनी दाखवलं. एका जनुकातल्या बदलामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासून सरासरी २८ टक्के कमी होतं; त्यांच्यात हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी निघाला. गोळीने मधल्या वयात तेवढाच आकडा उतरवून इतका फायदा मिळत नाही. फरक दिवसांचा आहे.

आपल्याकडचं चित्र जरा वेगळं. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या लोकांची रक्ततपासणी करून २०१४ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात ७९ टक्के लोकांत चरबीचा एक तरी आकडा बिघडलेला होता. सर्वांत जास्त आढळलं ते कमी एचडीएल, ७२ टक्क्यांत. एलडीएल वाढलेले तुलनेने थोडे होते. पण साखर, तंबाखू आणि सुटलेलं पोट यांची जोड मिळाली की मध्यम आकडाही भिंतीला पुरे होतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन काढलं. त्यात एलडीएलची मर्यादा कमी जोखमीच्या माणसाला १००, जास्त जोखीम असेल तर ७०, हृदयविकार होऊन गेलेल्यांना ५५ अशी आहे. पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षी करावी, असंही त्यात आहे.

मामांना मी १६४ च्या पुढे त्यांचं वय लिहून दाखवलं: ५६. त्यांनी तंबाखूची पुडी आपसूक खिशात सरकवली. डॉक्टरांनी दिलेली गोळी रात्रीची चालू झाली आहे. जाताना दारात थांबून म्हणाले, "म्हंजे पोरांचं बी आत्ताच बघाय पाहिजे." थोरला चोवीस वर्षांचा आहे. फवारणी संपली की सोमवारी त्याला मिरजेला न्यायचं ठरलंय.