‘आफ्रिकन’ कापडाचं माहेर कुठलं?

घाना-टोगोच्या बाजारातलं ते भडक, छापील ‘वॅक्स’ कापड म्हणजे अस्सल आफ्रिकी, पिढीजात कला, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची, यंत्रावर नक्कल करायला निघालेल्या युरोपीयांचा हा माल. नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावची व्लिस्को ही कापड कंपनी १८४६ पासूनची. रंग अडवायला मेणाऐवजी कापडावर राळ छापतात. ती तडकते आणि भेगांतून रंगाच्या बारीक शिरा उतरतात. जावात तो दोष ठरला, पश्चिम आफ्रिकेत तीच नजाकत!

मग परकं म्हणून हिणवावं, तर तेही चूक. नक्षींना नावं दिली बाजारातल्या बायकांनी. पिंजऱ्यातून उडणारा पक्षी म्हणजे नवऱ्याला दम: ‘तू बाहेर गेलास, तर मीही जाते.’ टोगोची राजधानी लोमे, तिथल्या व्यापारिणी तर या धंद्यावर मर्सिडीज-बेंझ फिरवायच्या. ‘नाना बेंझ’ हे नाव त्यातूनच पडलं; ‘नाना’ म्हणजे तिथल्या बोलीत आई-आजी.