केबल टीव्हीची जुनी वायर कापू नका
सिडको, इंदिरानगरातल्या जुन्या घरांत भिंतीतून गेलेली केबल टीव्हीची काळी वायर फायबर आलं की ‘आता निकामी’ समजून कापली जाते. हा समज चुकीचा आहे. दोन्ही टोकांना मोका अडॅप्टर (टीव्हीच्या वायरमधून इंटरनेट नेणारी छोटी यंत्रं) लावले की तीच कोअॅक्सियल वायर राउटरचं नेट मागच्या खोलीत नेते. मोका २.५ या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदाला २.५ गिगाबिट आहे, आणि वायफायसारखी ती भिंतींमुळे मंदावत नाही. अडॅप्टर स्वस्त नाहीत, हे खरं. मात्र चालू डिशची वायर यासाठी घेऊ नका: डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो आणि नेहमीचे मोका अडॅप्टर ११२५ ते १६७५ मध्ये चालतात, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडथळा आणतात. वाटेतला स्प्लिटर (एका वायरला अनेक फाटे देणारा जोड) १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असेल, तर तोही बदला.