पिअर एज्युकेटरची निवड: नाव कुठे द्यायचं, कागद कोणते, आणि नावं का गळतात

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, आरोग्य खात्यातल्यांच्या तोंडी ‘आरकेएसके’, ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. त्यात गावातल्याच मुलामुलींना पिअर एज्युकेटर म्हणून निवडायची सोय आहे. केंद्राच्या पुस्तिकांमध्ये त्यांना ‘साथिया’ म्हणतात. त्यांनी आपल्या वयाच्या पोरांशी बोलायचं आणि त्या पोरांचं म्हणणं उपकेंद्रापर्यंत, गावाच्या आरोग्य समितीपर्यंत पोचवायचं. गावात मात्र ही बातमी पोचते व्हॉट्सॲपवरून, तीही ‘आरोग्य विभागात भरती’ अशा मथळ्याने. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ही भरती नाही. दरमहा पगार नाही. फॉर्मची फी नाही, त्यामुळे कुणी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणत शंभर-दोनशे मागितले तर देऊ नका. पुढे नोकरीत घेतील असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा. विषय तिथेच संपेल. केंद्राच्या ‘मेरा युवा भारत’ या युवकांसाठीच्या पोर्टलवर नोंदणी केली म्हणजे यात नाव आलं, असंही नाही. ते पोर्टल वेगळं आहे, तिथली वयोमर्यादा १५ ते २९ आहे, आणि तिथलं प्रमाणपत्र आशाताईंना दाखवून काही उपयोग नाही.

नाव द्यायचं ते आशाताईंकडे. त्या इच्छुकांची यादी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे ठेवतात. समिती नावं ठरवते आणि मग प्रशिक्षण होतं. नाव देण्याआधी आरोग्य सेविकेला एक विचारून घ्या: कार्यक्रमाचा हा भाग आपल्या तालुक्यात चालू आहे ना? सगळीकडे तो सारखा चालत नाही, आणि नसेल तिथे अर्ज देऊन सहा महिने वाट पाहण्यात अर्थ नाही.

साधारण हजार लोकवस्तीमागे चार जण, दोन मुली आणि दोन मुलगे. त्यातली एक जोडी शाळेत जाणाऱ्यांसाठी आणि एक जोडी शाळा सुटलेल्यांसाठी. प्रत्येकाने १५ ते २० जणांचा गट करायचा, आठवड्यातून एकदा तास-दोन तास बसायचं, महिन्याला आरोग्य सेविकेसोबत बैठक, आणि दर तीन महिन्यांनी गावात होणाऱ्या किशोर आरोग्य दिनाला हजर राहायचं. बारावीनंतर क्लाससाठी लातूरला जायचं ठरलेलं असेल तर नाव देऊ नका. प्रशिक्षण घेऊन दोन महिन्यांत निघून गेलेल्या मुलाची जागा वर्षभर रिकामी राहते.

आता वयाचं. कार्यक्रम १० ते १९ साठी असला तरी पिअर एज्युकेटर १५ ते १९ वयाचाच लागतो. ही दोन वयं एकमेकांत मिसळून बसतात आणि तेरा वर्षांच्या हुशार मुलीचं नाव यादीत जातं, मग वरून परत येतं. मोजायची ती पूर्ण झालेली वर्षं. निवडीची बैठक ५ ऑगस्टला आणि मुलाला १५ वर्षं २० ऑगस्टला पूर्ण होणार, तर तो त्या बैठकीत बसत नाही. वरच्या टोकाला उलट चूक होते: एकोणीस पूर्ण झाले म्हणजे संपलं, असं समजून मुली स्वतःच मागे सरतात. विसावा वाढदिवस येईपर्यंत वय एकोणीसच मोजलं जातं. पण चार महिन्यांनी वीस होणाऱ्यापेक्षा सोळा-सतराची मुलगी समितीला जास्त काळ मिळते, म्हणून तिला पसंती मिळाली तर रागावू नका.

सगळ्यात जास्त नावं अडतात ती जन्मतारखेच्या कागदावर. लोक आधारची झेरॉक्स जोडतात आणि निश्चिंत होतात. आधार ओळख पटवतं. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयने डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. तरी आधारवरची ‘१ जानेवारी’ आणि शाळेतली ‘१ जून’ यांची गाठ पडली की कार्यालयात नेमका आधारच खरा मानणारा कुणीतरी भेटतोच. भांडत बसण्यापेक्षा शाळेचा कागद पुढे करा.

शाळेत असाल तर बोनाफाईड, त्यावर जन्मतारीख लिहून घेतलेली. बरेच क्लार्क फक्त इयत्ता लिहून देतात, मग दुसरी खेप होते. शाळा सोडली असेल तर दाखला. खरी अडचण सातवी-आठवीत शाळा सुटलेल्यांची असते. त्यांनी दाखला कधी घेतलेलाच नसतो आणि आता त्या शाळेत जायला संकोच वाटतो. त्यांनी मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम उतारा मागावा. शाळेच्या जनरल रजिस्टरातली ती नोंद असते, नाव-जन्मतारखेसह, शिक्का-सहीसह. शेवटची शाळा दूरच्या गावी असेल तर पहिलीत जिथे नाव घातलं त्या शाळेचा उताराही जन्मतारखेसाठी पुरतो. जन्माचा दाखला असेल तर यातलं काहीच नको.

रहिवासासाठी रेशनकार्ड पुरतं. लग्न होऊन आलेल्या अठरा-एकोणीसच्या मुलींचं नाव मात्र माहेरच्या कार्डावर असतं आणि सासरच्या गावात ‘ही आपली नाही’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला जोडा. शाळा सुटलेल्यांच्या जागेवर अशी मुलगी असणं खरं तर जास्त उपयोगाचं आहे. तिला माहीत असलेल्या गोष्टी दहावीतल्या मुलीला ठाऊक नसतात.

अठरा पूर्ण नसतील तर पालकांची लेखी संमती लागते. साध्या कागदावर चालते. स्टॅम्प पेपर आणायला पळू नका. त्या कागदात विषय मात्र मोकळेपणाने लिहा: पोषण, मानसिक आरोग्य, लैंगिक व प्रजनन आरोग्य, व्यसन, अपघात व हिंसा, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे आजार. ‘आरोग्यविषयक माहिती’ एवढंच लिहून सही घेतली की प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी घरी पाळीबद्दल, गर्भनिरोधनाबद्दल बोलते आणि तिसऱ्या दिवशी तिचे वडील तिला पाठवत नाहीत. मग दोष मुलीच्या माथी.

बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात यात आणखी एक पेच आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. निवडीची बैठक नेमकी या महिन्यांत घेतली की शाळा सुटलेली मुलं गावात नसतातच, आणि त्यांच्या जागांवर दहावी-बारावीतली नावं घालून तक्ता पूर्ण केला जातो. कागदावर चार जण, प्रत्यक्षात सगळे शाळेतले. बैठक पावसाळ्यात घ्या, असं समितीला लेखी सुचवता येतं. ज्यांचे आईवडील जाणार आहेत त्यांनी संमतीची सही निघण्याआधी घेऊन ठेवावी, नाहीतर कारखान्याच्या तळावरून फोटो मागवण्याची वेळ येते.

‘जागा भरल्यात’ हे उत्तर मिळालं तर यादी कधीची आहे ते विचारा. यादी तीन-चार वर्षं जुनी निघते. त्यातला एक वीस ओलांडून गेलेला असतो, एकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेलेली असते. त्या जागा रिकाम्या आहेत. नाव, वय, पत्ता आणि ‘रिकाम्या जागेवर विचार व्हावा’ एवढा चार ओळींचा अर्ज दोन प्रतींत करा, एक द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज आलाच नव्हता असं म्हणणं फार सोपं असतं.

निवड झाल्यावरची तक्रार वेगळीच: ‘आम्हाला फक्त खुर्च्या मांडायला आणि फोटोला बोलावतात.’ खरं आहे, तसं होतं. कारण तोंडी सांगितलेली सूचना बैठक संपताच संपते. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, लिहिली गेली तरच तिचं पुढे काही होतं. म्हणून सूचना कागदावर न्या आणि नेमकी न्या. ‘मुलांचं आरोग्य सुधारावं’ यावर कुणी काय करणार? त्यापेक्षा असं लिहा: सोमवारची लोहाची निळी गोळी सकाळी उपाशीपोटी देतात, मळमळतं म्हणून मुलं ती फेकतात, आठवीपर्यंत खिचडीनंतर आणि नववी-दहावीला डब्याच्या सुट्टीनंतर द्यावी. किंवा: ग्रामीण रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक (किशोरवयीनांसाठीचं आरोग्य व सल्ला केंद्र) शाळेच्या वेळेतच उघडं असतं, आठवड्यातला एक दिवस दुपारनंतर ठेवावा. पहिलं मुख्याध्यापकांच्या हातात आहे, दुसरं रुग्णालयाच्या. कुणाच्या हातात आहे तेही लिहा, म्हणजे समितीला फक्त पत्र पुढे पाठवायचं उरतं. सूचनेत कुणा मुलीचं किंवा मुलाचं नाव, घर, आजार मात्र कधीच लिहू नका. ते रजिस्टर गावात कुणीही उघडतं.

पैशाची मर्यादाही माहीत असावी. समितीला अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे स्वतः ठरवून खर्चायचा पैसा, मिळतो तो वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत. त्यातून उपकेंद्रात तपासणीच्या जागेला पडदा होईल, व्यायामशाळा होणार नाही. मोठं काम हवं असेल तर ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात यायला हवं. त्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून पत्र सप्टेंबरमध्येच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हात वर करून ऐनवेळी मांडलेला विषय ‘पुढच्या सभेत’ जातो. शिवाय ग्रामसभेचे सदस्य मतदार असतात. सतरा वर्षांची मुलगी तिथे ठरावाला मत देऊ शकत नाही. तिची जागा बालसभा आणि समितीची बैठक, आणि ग्रामसभेत विषय मांडायला एखादी अठरा पूर्ण झालेली व्यक्ती, आशाताई किंवा महिला सदस्य आधीच तयार ठेवावी.

सूचना लिहिली की नाही ते पाहायला मिळत नसेल तर प्रोसिडिंगची प्रत माहिती अधिकारात मागता येते: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. अर्ज घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने करा. गावात सतराच्या मुलीच्या नावाने माहिती अधिकाराचा कागद गेला की दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावणं येतं.