हॅश फंक्शनची निवड

नाव, शब्द किंवा खातेक्रमांक अशा किल्लीवरून एक पूर्णांक काढून ती हॅश टेबलच्या, म्हणजे नोंदी कप्प्यांत ठेवणाऱ्या रचनेच्या, कोणत्या कप्प्यात जाईल हे ठरवणारे सूत्र म्हणजे हॅश फंक्शन. दोन वेगळ्या किल्ल्या एकाच कप्प्यात आल्या की टक्कर होते. आयबीएममधील हान्स पेटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. एका कप्प्यात आलेल्या नोंदी साखळीत ओवण्याचा उपायही त्यातच होता.

टक्कर पूर्णपणे टळत नाही. जितके कप्पे तितक्याच किल्ल्या असतील, तर आदर्श फंक्शन वापरूनही सुमारे ३७ टक्के कप्पे रिकामे राहतात आणि इतरांत दाटी होते. फंक्शनने काढलेल्या पूर्णांकालाही हॅश म्हणतात. ३२ बिटांच्या (३२ द्विमान अंकांच्या) हॅशमध्ये १० लाख किल्ल्या घातल्या, तर सरासरी ११६ जोड्यांचे आकडे अगदी तंतोतंत जुळतात. ६४ बिट घेतले की अशी एकही जोडी निघण्याची शक्यता नगण्य होते. म्हणून मोठ्या टेबलासाठी ३२ बिटांवर थांबू नये.

बिट पुरेसे असले तरी सूत्र कच्चे असून चालत नाही. जावा भाषेत शब्दाचा हॅश काढताना आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक मिळवतात. देवनागरीत ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, ‘ट’चा २३३५ आणि कान्याचा २३६६. ‘का’चा हॅश २३२५ × ३१ + २३६६, म्हणजे ७४४४१. ‘खट’चा २३२६ × ३१ + २३३५, म्हणजे तोही ७४४४१! त्यामुळे ‘काका’, ‘खटका’ आणि ‘खटखट’ या तिन्ही शब्दांचा हॅश ७१६१२२४२ येतो. टेबल कितीही मोठे केले तरी हे तिघे एकाच कप्प्यात राहणार. फंक्शन निवडताना ते आपल्याच माहितीवर चालवून पाहावे, ते यासाठी.

कप्प्यांची संख्याही फंक्शनइतकीच महत्त्वाची. समजा, सगळे क्रमांक १००० च्या पटीत आहेत आणि कप्पे १०२४. क्रमांकाला कप्प्यांच्या संख्येने भागून नुसत्या बाकीवरून कप्पा ठरवला, तर फक्त १२८ कप्पे वापरात येतात. बाकीचे ८९६ कायम ओस. कप्पे १०२१ ठेवले, तर ही संख्या मूळ असल्याने सगळे वापरता येतात. कप्पे दोनच्या घातातच हवे असतील, तर आधी बिट नीट घुसळावे लागतात. मर्मरहॅश आणि एक्सएक्सहॅश ही तयार हॅश फंक्शन हेच वेगाने करतात: किल्लीतला एक बिट बदलला, तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलावेत असा त्यांचा प्रयत्न असतो.

किल्ल्या बाहेरच्या लोकांकडून येत असतील, तर प्रश्न सुरक्षेचा होतो. मुद्दाम टकरा घडवणाऱ्या किल्ल्या पाठवून वेब सर्व्हर कसा गुदमरवता येतो, हे डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत दाखवले गेले. पुढच्याच वर्षी ऑमासाँ आणि बर्नस्टाइन या गुप्तलेखनतज्ज्ञांनी सिपहॅश हे हॅश फंक्शन मांडले. त्यात एक गुप्त संख्या मिसळलेली असल्याने हल्लेखोराला टकरा आधी हेरता येत नाहीत. पायथन भाषेने ३.४ आवृत्तीपासून मजकुरासाठी ते स्वीकारले. रस्ट भाषेच्या प्रमाण हॅशमॅपमध्येही (तिच्या तयार हॅश टेबलमध्ये) तेच आहे. जावाचे ३१ चे सूत्र दस्तऐवजात पक्के नोंदलेले असल्याने बदलता आले नाही. त्याऐवजी आठव्या आवृत्तीपासून मोठ्या टेबलात साखळी फार लांबली की तिचे संतुलित वृक्षात, म्हणजे झटपट शोधता येईल अशा फांद्यांच्या क्रमवार रचनेत, रूपांतर होते. तिथे हॅश सारखाच असल्याने ‘काका’ आणि ‘खटका’ यांची जागा अक्षरक्रमाने ठरते.